पैलवानाचा खुराक

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हैस पिळतात आणि ते धारोष्ण दूध तिथंच, उभ्या उभ्या प्यायलं जातं. जिममधली पोरं ज्याला ‘बल्किंग’ म्हणतात, म्हणजे अंग भरावं म्हणून ठरवून जास्त खाणं, त्याचं आपल्याकडचं घराणं इथलं, तालमीतलं. पहाटे जोर-बैठका, मग मातीच्या हौदात लढती, मग थंडाई. भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची कुंडीत घोटायची आणि दुधात कालवायची. जेवणात भाकरी, तूप, मटणाचा रस्सा. त्यावर गाढ झोप, कारण झोपही खुराकातच मोडायची.

हा खर्च शेतकऱ्याच्या पोराला झेपणारा नव्हता. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं, पैलवान पदरी बाळगले. पण मला पैशापेक्षा वस्ताद मोठा वाटतो. कुणाला तूप पचतं, कुणाचं नुसतंच पोट सुटतं, कुणाच्या अंगी काहीच लागत नाही, हे तो रोज डोळ्यांनी बघायचा आणि प्रत्येकाचा खुराक वेगळा बांधून द्यायचा.

1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि हा राजाश्रय संपला. पुढे साखर कारखान्यांनी मानधनावर काही पैलवान सांभाळले, तरी बदाम-तुपाचा बोजा बहुतेकांच्या बापावरच आला.

या काळाच्या आगेमागे अंग भरण्याचं दुसरं, औषधांचं घराणं परदेशात वाढत होतं. 1935 मध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक प्रयोगशाळेत तयार झालं. 1958 मध्ये सिबा कंपनीची ‘डायनाबॉल’ ही गोळी अमेरिकेत आली आणि डॉ. जॉन झिग्लर यांनी ती तिथल्या यॉर्क बारबेल क्लबच्या वजन उचलणाऱ्यांना दिली. तिच्यातलं टेस्टोस्टेरॉनसारखं द्रव्य म्हणजे मेथॅन्डिएनोन. 2016 मध्ये, रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादव यांच्या नमुन्यात तेच सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं ते मानलं, क्रीडा लवादानं मानलं नाही. चार वर्षांची बंदी आली.

ही औषधं काम करतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. संशोधक शलेंदर भसीन यांच्या 1996 च्या प्रयोगात 43 पुरुषांचं खाणं मोजूनमापून ठेवलं होतं. दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून घेतलेल्यांचं चरबीविरहित वजन दहा आठवड्यांत व्यायामाशिवायही सरासरी 3.2 किलोनं वाढलं, व्यायामासह 6.1 किलोनं.

पण ही सरासरी झाली. 2008 मध्ये स्वीडनमध्ये 55 पुरुषांना 500 मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं. टेस्टोस्टेरॉन लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करणारं यूजीटी2बी17 हे जनुक काहींच्यात मुळातच नसतं. तशांपैकी 40 टक्के जण नेहमीच्या उत्तेजक चाचणीत सापडलेच नाहीत. मात्रा सगळ्यांना सारखी, शरीरानं ती हाताळली मात्र वेगवेगळी. म्हणून जिममधल्या दादाची ‘सायकल’, म्हणजे त्याचं औषधांचं वेळापत्रक, जसंच्या तसं उतरवून घेणं मला भयंकर वाटतं. त्याला मानवलेल्या मात्रेनं दुसऱ्याची छाती बायकांसारखी सुजेल, वृषणं आक्रसतील, चांगलं कोलेस्टेरॉल घसरेल, गोळ्यांनी यकृत बिघडेल. सुई बाजारात आली, सोबत वस्ताद आला नाही.

सिल्वासाजवळच्या गलोंड्यात भात-नागलीवर वाढलेल्या पोरालाही अंग कमवायचं असेल, आणि त्याच्यामागे ना राजा ना कारखाना. त्याचा हिशोब मांडून बघण्यासारखा आहे. वजन 60 किलो धरलं तर दर किलोला 1.6 ग्रॅमप्रमाणे दिवसाला 96 ग्रॅम प्रथिनं पुष्कळ झाली. 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून 26, चार अंड्यांतून 24, अर्धा लिटर दुधातून 16. उरलेली 30 डाळ-भात आणि नागलीच्या भाकरीतून निघतात. महिनाभर हे खाऊन वजन हललं नाही तर आधी भात वाढवायचा, आणि दूध बाधत असेल तर त्याच्या जागी अंडी.