भंगारातून उठलेला परशुराम

जबलपुरातील आम्हां महाराष्ट्रीयांस काश्मीर फारसे दूर वाटत नाही. जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र येथेच आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात ब्रिगेडियर राजिंदर सिंह यांच्या नेतृत्वाखाली उरीचा पूल उडवून हल्लेखोरांना थोपविणारे जवान ज्या संस्थानी फौजेतले, तिचाच वारसा ही रेजिमेंट सांगते. त्यांनी मिळवून दिलेल्या अवधीमुळेच २७ ऑक्टोबरला शीख पलटणीस घेऊन डाकोटा विमाने श्रीनगरला उतरू शकली. त्यांतील एकाचा क्रमांक व्हीपी ९०५.

पुढे जेट आले, डाकोटा भंगारात निघाली. अशाच भंगारात निघालेले १९४४ च्या बांधणीचे एक डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी २०११ साली मिळविले. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, वायुसेनेत डाकोटाच चालवीत. विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त झाले; परंतु वायुसेनेस देऊ केलेली ही भेट प्रथम नाकारली गेली. उभा जन्म फायलींत गेल्यामुळे आम्हांस त्याचे नवल वाटले नाही. जुने विमान म्हणजे सुटे भाग, खर्च आणि जबाबदारी. नकाराचा शेरा लिहिणे सर्वांत सोपे! ती भेट स्वीकारण्याचे धैर्य दाखविले गोव्याच्या मनोहर पर्रीकरांनी, संरक्षणमंत्री असताना.

एप्रिल २०१८ मध्ये ते स्वतःच्या पंखांनी ब्रिटनहून भारतात आले आणि ४ मे रोजी हिंडन तळावर वायुसेनेत दाखल झाले. नाव 'परशुराम', क्रमांक व्हीपी ९०५. श्रीनगरला उतरलेले विमान ते हेच नव्हे. क्रमांक स्मरणार्थ दिलेला आहे, हेही नमूद केले पाहिजे. नाव वाचून आमच्यातील कोकणस्थ मंडळी मात्र विशेष सुखावली.