ढालीला कुठला रंग देऊ?

इतिहासाच्या पुस्तकात एक मोठी सोय असते. 'व्हायकिंग किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी मठ लुटला' असं वाक्य लिहिताना लेखकाला त्यांच्या अंगरख्याचा रंग माहीत असावा लागत नाही. वाचणाऱ्यालाही लागत नाही. आपण डोक्यात काहीतरी धूसर, तपकिरी, दाढीवालं चित्र उभं करतो आणि पुढच्या वाक्यावर जातो.

पण तोच व्हायकिंग २८ मिलिमीटर उंचीच्या करड्या प्लास्टिकच्या बाहुल्याच्या रूपात टेबलावर उभा असला, आणि आपल्या हातात शून्य नंबरचा ब्रश असला, की ही सोय संपते. अंगरखा कुठल्यातरी रंगाचा करावाच लागतो. ढालही. दाढीही. 'याबद्दल पुरावा अपुरा आहे' असा काही रंग बाटलीत मिळत नाही :-)

गेले काही महिने शनिवार-रविवारी मी हा उद्योग शिकतोय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडून फाशांच्या मदतीने लढाया खेळायच्या, असा हा छंद. त्याचं मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. तिथे १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ अधिकृतपणे सुरू झाला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने (हो, तोच टाइम मशीनवाला) घरच्या जमिनीवर खेळायच्या लढायांचे नियम 'लिटल वॉर्स' नावाने छापले. आज सैनिक प्लास्टिकच्या चौकटीत येतात. ते कापून काढायचे, चिकटवायचे, वर प्रायमरचा हात द्यायचा आणि मग रंगवायचे. आधी सपाट रंग. मग पातळ केलेला गडद तपकिरी रंग वरून सोडायचा, म्हणजे तो कपड्याच्या चुण्यांत आपोआप उतरतो आणि सावली तयार होते. शेवटी ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, की चिलखताची कडी न् कडी उठून दिसते. हात बसायला वेळ लागतो, पण हात बसतो. अडतं ते दुसरीकडेच: रंग कुठला?

आधी शिंगांचा निकाल लावून टाकू. व्हायकिंग म्हटलं की शिंगवालं शिरस्त्राण हवंच असं पब्लिकला वाटतं. त्याचं बरंचसं श्रेय जातं १८७६ सालाकडे. त्या वर्षी जर्मनीत बायरॉइटला वॅग्नरच्या 'रिंग'चे चारही ऑपेरे पहिल्यांदा सलग झाले, आणि वेषभूषाकार कार्ल एमिल डोएप्लरने पात्रांना शिंगं दिली. शिंगांची खरी शिरस्त्राणं सापडलीत, नाही असं नाही. डेन्मार्कमध्ये वेक्सो इथल्या दलदलीत १९४२ मध्ये एक जोडी निघाली. पण ती इसवी सनापूर्वी सुमारे ९०० ची, म्हणजे व्हायकिंगांच्याही सतराशे वर्षं आधीची. व्हायकिंग काळातल्या काही चित्रांत शिंगवाल्या आकृती दिसतात, त्या बहुधा धार्मिक विधींतल्या. लढाईत घालायचं शिंगवालं शिरस्त्राण मात्र एकही सापडलेलं नाही. मुळात त्या काळातली शिरस्त्राणंच बोटावर मोजण्याइतकी. सर्वांत प्रसिद्ध आहे नॉर्वेतल्या येर्मुंडबूच्या शेतात १९४३ मध्ये सापडलेलं: गोल लोखंडी टोपी आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखं कवच. शिंगं नाहीत. तेव्हा बाहुल्याच्या टोपीला सरळ लोखंडी रंग. हा प्रश्न सोपा होता.

ढालीचा प्रश्नही अर्धा सुटतो, आणि त्याचं उत्तर फार देखणं आहे. नॉर्वेत सँडफ्योरजवळ गोक्स्टाड नावाचं टेकाड आहे. १८८० मध्ये निकोलाय निकोलायसेनच्या देखरेखीखाली ते खणलं तेव्हा आत सुमारे २३ मीटर लांबीचं अख्खं जहाज निघालं. इसवी सन ८९० च्या आसपास बांधलेलं, एका बड्या असामीची कबर म्हणून पुरलेलं. जहाजाच्या दोन्ही बाजूंना मिळून ६४ ढाली होत्या, एका बाजूला ३२. आणि रंग? एक पिवळी, एक काळी, एक पिवळी, एक काळी... टॅक्सीसारख्या! आपल्या मुंबईच्या काळी-पिवळीची आठवण न येणं अशक्य. जुन्या सागांमध्ये लाल ढाल म्हणजे लढाई आणि पांढरी म्हणजे तह, असेही उल्लेख येतात. पण सागा लिहिल्या गेल्या तेराव्या शतकात, घटनांनंतर दोन-तीनशे वर्षांनी. म्हणून माझ्या पहिल्या आठ जणांच्या ढाली काळ्या आणि पिवळ्या. दीड सेंटिमीटरच्या चकतीवर का होईना, इथे मी काहीतरी खरं रंगवतोय एवढं समाधान.

आता कपडे. टीव्हीवरच्या मालिकांनी व्हायकिंगांना काळ्या-तपकिरी चामड्यात गुंडाळून ठेवलंय. उत्खननांत मात्र लोकरीचं आणि तागासारख्या लिननचं कापड निघतं, आणि त्यावर रंगांचे अंश. ओसेबर्गच्या जहाज-कबरीत (१९०४ मध्ये खणलेली, इसवी सन ८३४ ची, दोन स्त्रियांची) वोड नावाच्या वनस्पतीच्या बिया सापडल्या. वोडच्या पानांतून निळा रंग निघतो, आणि त्यातलं रसायन आपल्या नीळीतलंच आहे. यॉर्कमध्ये कॉपरगेटला १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात वोडबरोबर मॅडरचे अवशेष मिळाले. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. मुळापासून लाल रंग देणारी.

त्याच जागी आणखी एक गंमत निघाली. मंजिष्ठेचा रंग कापडावर पक्का बसायला तुरटीसारखं काहीतरी लागतं. यॉर्कच्या रंगाऱ्यांकडे त्यासाठी एक शेवाळासारखी दिसणारी वनस्पती होती. ती मातीतलं ॲल्युमिनियम स्वतःत साठवते. पण ही जात ब्रिटनमध्ये उगवतच नाही! ती जहाजाने स्कँडिनेव्हियातून आणलेली होती. ज्या समुद्री वाटांवरून लुटारू आले म्हणून आपण शाळेत शिकतो, त्याच वाटांवरून रंग पक्का करायचं सामान येत होतं. डेटाबेसमध्ये एखादी रो सापडावी आणि अख्खी सप्लाय चेन उलगडावी, तसं झालं हे.

कापडांच्या तपासण्यांतून ढोबळमानाने असं दिसतं की स्कँडिनेव्हियात निळा, यॉर्ककडे लाल, तर डब्लिनमध्ये दगडफुलासारख्या वनस्पतींपासून केलेला जांभळा लोकप्रिय होता. म्हणजे फौज कुठली आहे त्यावर डबी बदलायची. आणि अर्थात, रंग म्हणजे पैसा. गरिबाच्या अंगावर मेंढीचाच रंग: पांढरट, करडा, तपकिरी.

पिवळ्याबद्दल एक छोटं विषयांतर, कारण ते थेट मराठीत येऊन पोचतं. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला, तिथून ह्या काळाची सुरुवात धरतात. त्याआधी आठव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मठाशी निगडित एक अप्रतिम रंगीत हस्तलिखित तयार झालं होतं, ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या तपासणीत सापडलेला पिवळा म्हणजे हरताळ, आणि तांबडा म्हणजे शेंदूर, शिशापासून केलेला. आपल्याकडे पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ फासत, त्यावरूनच 'हरताळ फासणे' आलं (संपवाला हरताळ वेगळा). एकाच विषारी खनिजाने तिकडे पान सजत होतं आणि इकडे पानावरची चूक झाकली जात होती. माझा ॲक्रिलिक पिवळा बिनविषारी आहे, काळजी नसावी.

दगडांचंही तेच. ज्यांच्यावर रूनी लिपी कोरली आहे ते करडे, गंभीर स्मारक-दगड मुळात रंगवलेले असत. स्वीडनच्या ओलांड बेटावर चर्चच्या बांधकामात वापरल्यामुळे ऊनपावसापासून वाचलेल्या तुकड्यांवर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगाचे अंश मिळालेत. डेन्मार्कमधला येलिंगचा प्रसिद्ध दगड सुमारे ९६५ मध्ये हाराल्ड राजाने उभारला. हाराल्ड म्हणजे 'ब्लूटूथ' हाराल्ड. १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाकने तात्पुरतं म्हणून हे नाव सुचवलं, पण ते कायमचंच चिकटलं. तुमच्या फोनवरचं ते चिन्ह म्हणजे त्या राजाच्या आद्याक्षरांचे दोन रून एकमेकांवर ठेवलेले. (प्रोजेक्टची 'तात्पुरती' नावं कायमची होतात, हे आमच्या क्षेत्रातल्यांना सांगायला नकोच.)

हे सगळं वाचून वाटेल की पुरेसा शोध घेतला की झालं, प्रत्येक डबीवर एक पुरावा चिकटवता येईल. पण मग केसांची पाळी येते, आणि इथे प्रकरण गंभीर होतं.

हात आपोआप सोनेरीकडे जातो. का जातो? ह्या सोनेरी केसांचा एक इतिहास आहे आणि तो फारसा जुना नाही. एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवादाने व्हायकिंगाला 'शुद्ध' उत्तरेकडचा वीर करून टाकलं, आणि पुढे नाझींनी ते चित्र उचललं. व्यापलेल्या नॉर्वेत एसएसच्या भरतीच्या पोस्टरांवर व्हायकिंग झळकत होते. येर्मुंडबूचं शिरस्त्राण जमिनीतून वर आलं ते नेमकं त्याच दिवसांत, हा एक विचित्र योगायोग. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये व्हायकिंग काळाशी संबंधित ४४२ माणसांच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की दक्षिण युरोप आणि आशियाकडून आलेला वंशांश त्यांच्यात मिसळत होता, आणि तपकिरी केसांचे पुष्कळ होते. व्हायकिंग हे रक्त नव्हतंच, तो एक उद्योग होता. जहाजावर चढणारा चढला की झाला व्हायकिंग. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग थाटात तलवारीसह पुरलेले दोघे तर वंशाने स्थानिकच निघाले.

तेव्हा माझ्या पलटणीत दहातले सहा तपकिरी आणि काळसर केसांचे, दोन तांबूस, दोन सोनेरी. हे आकडे कुठल्या शोधनिबंधातले नाहीत, माझे आहेत. पण सगळ्यांना सोनेरी करणं हाही निर्णयच झाला असता, आणि तो दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेला.

जुन्या नॉर्स भाषेत 'रिग्सथुला' नावाची एक कविता आहे. समाजाचे तीन थर कसे झाले ते ती सांगते. गुलाम, म्हणजे थ्रॅल, काळसर. शेतकरी, म्हणजे कार्ल, तांबूस. सरदार, म्हणजे यार्ल, फिकट केसांचा. वाचताना आपल्याला काहीतरी ओळखीचं वाटतं ना? रंगावरून माणसाची पायरी ठरवायचा हा धंदा जगात कुठेच नवीन नाही.

आणि त्या थ्रॅलवरूनच लक्षात येतं की खोक्यात कोण नाही. खोक्यात चाळीस जण आहेत, चाळीसही योद्धे. डब्लिन हे त्या काळातलं गुलामांच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं, पण मानेत लोखंडी कडं अडकवलेला माणूस खोक्यात नाही. डेन्मार्कच्या रॉस्किल्डजवळ पाण्याखालून १९६२ मध्ये काढलेल्या जहाजांपैकी सर्वांत लांब युद्धनौका १०४२ मध्ये डब्लिन परिसरातल्याच ओकची बांधलेली. तिच्या आजच्या प्रतिकृतीवर ११२ चौरस मीटरचं शीड आहे. तेव्हाची शिडं लोकरीची असत. तेवढ्या कापडाचं सूत हाताने, टकळीवर काततात. ते काततात कोण? बायका, वर्षानुवर्षं. जहाजाच्या लाकडापेक्षा शिडाला जास्त श्रम लागत असावेत असं अभ्यासक म्हणतात. जहाजाच्या प्रतिकृती मिळतात, कुऱ्हाडवाले मिळतात. टकळीवाली मात्र माझ्या खोक्यात नाही.

म्हणून सध्या एक उद्योग चालू आहे. उरलेल्या सुट्या भागांतून एक आकृती जोडतोय. कुऱ्हाडीचा दांडा कापून त्याची टकळी, केपच्या तुकड्याचा पदर. तिच्या कपड्यांना न रंगवलेल्या लोकरीचा करडा. खेळात तिला किती गुण द्यायचे याचे नियम पुस्तकात नाहीत, पण टेबलावर ती असेल, सगळ्यांच्या मागे, शिडाच्या बाजूला.

असो. व्हायकिंगांच्या भाषेत शनिवारला 'लाउगरडाग' म्हणत, म्हणजे अंघोळीचा वार. कबरींतून कंगवे तर इतके निघतात की 'रानटी, मळके' ही ख्यातीसुद्धा तपासून घ्यावी लागते. तुम्ही कोणी हे बाहुले रंगवणार असाल तर एवढंच सांगेन: चिखलाचा तपकिरी जरा हात राखून वापरा.