अपडेट: आज की थांबून?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून पुन्हा एकदा. आजचा इतिहास ताजा आहे, प्रश्न मात्र प्रत्येक मोहिमेतला: लगेच चाल करायची की थांबायचं?

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. दोन वर्षांपूर्वी एका दिवंगत जवानाची पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी धमतरीकडून येणार होती. तिची सगळी कागदपत्रं या लॅपटॉपवर. आदल्या रात्री मी हौसेनं अख्ख्या प्रणालीची नवी आवृत्ती चढवली. सकाळी पडदा काळा! बाई बसनं आल्या, तशाच परत गेल्या. चूक सर्वस्वी माझी.

मग मी मागचे प्रसंग वाचायला बसलो. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. दोन वर्षं तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्डसुद्धा बाहेर पडू शकत होते. दुरुस्ती त्याच दिवशी आली. दार उघडं असल्याची दवंडी पिटल्यावर कडी लावायला उशीर करून कसं चालेल?

दहा वर्षांनी उलटं घडलं. 'एक्सझेड'च्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांतच चोरदरवाजा असल्याचं २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं जाहीर केलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याशा शंकेवरून त्यांनी तो शोधला होता. सतत नवं घेणाऱ्यांच्या काही संगणकांत तो पोहोचलाही होता. डेबियनच्या 'स्टेबल' शाखेत मात्र नव्हता. तिथं आवृत्ती जुनी, पारखलेलीच ठेवतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या तिच्यात घालतात. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली याच डेबियनवर उभी आहे.

मंडळी, अपडेट हा एकच शब्द असला तरी कामं दोन आहेत. सुरक्षेची दुरुस्ती आली की त्याच दिवशी घ्यावी. नवी आवृत्ती महिनाभर थांबून, आधी बॅकअप घेऊन आणि दिवस मोकळा असेल तेव्हाच.

बाई आठवड्यानं पुन्हा आल्या. अर्ज गेला. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून कुणाचं काम ठरलेलं असेल, तर आदल्या रात्री नव्या आवृत्तीला मी हात लावत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!