मोटर कुणाच्या ताब्यात?

आमच्या रिंग खात्यात मोटर माणसाला पळवते. वेग वर साहेब ठरवतो, खाली आमची बोटं तुटला धागा सांधत धावतात. म्हणून मिल्ट जॅक्सनची ‘बॅग्ज ओपस’ ही रेकॉर्ड मला आधी मोटरमुळेच कळली.

व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य. पट्ट्यांखाली नळ्या, नळ्यांत फिरत्या चकत्या, त्या फिरवायला विजेची मोटर. तिच्यामुळे सूर थरथरतो. १९३० साली लायनेल हॅम्प्टनने लुई आर्मस्ट्राँगबरोबर ते जॅझच्या रेकॉर्डवर आणलं. त्याची मोटर सेकंदाला दहाएक फेरे घेई. जॅक्सनने ती तीन-साडेतीनवर आणली. झालं! यंत्राची थरथर गेली, माणसाच्या गळ्यातला कंप आला.

जॅक्सन डेट्रॉइटचा, जन्म १९२३. मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९४३ साली तिथल्या पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली, तर पंचवीस हजार गोऱ्यांनी काम बंद पाडलं. त्याच महिन्यात दंगल पेटली. चौतीस मेले, त्यातले पंचवीस काळे. आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. देश दोन, हिशेब एकच.

पन्नासच्या दशकात काळ्या वादकांनी चर्चमधलं गाणं आणि ब्लूज जॅझमध्ये पुन्हा घट्ट रुजवले. त्याला हार्ड बॉप म्हणतात. डिसेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कला ही रेकॉर्ड झाली. सहा वादक. त्यातले जॅक्सन, पियानोवाला टॉमी फ्लॅनगन आणि बासवाला पॉल चेंबर्स, तिघं डेट्रॉइटमध्ये वाढलेले. सॅक्सोफोनवर बेनी गोल्सन, ट्रम्पेटवर आर्ट फार्मर, ड्रम्सवर कॉनी के.

यातलं ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’ ऐकाच. ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन १९५६ साली मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. त्याच्यासाठी गोल्सनने ही धून बांधली. जॅक्सन घाई करत नाही. पट्टीवर दांडी पडते, सूर लांबतो, हळूहळू विझतो. छाती बडवणं नाही, पण दुःख पुरतं पोचतं.

जागरणांनी डोळ्यांखाली पिशव्या आल्या, म्हणून दोस्त जॅक्सनला ‘बॅग्ज’ म्हणत. रात्रपाळी करून आलो की आरशात माझ्याही दिसतात. तेव्हा मोबाइलवर ही रेकॉर्ड लावतो. आठ तास मोटरने मला फिरवलेलं असतं. इथे एका काळ्या माणसाने मोटरला सांगितलंय, हळू चल, मला बोलायचंय.