बडोदा संस्थानातील सक्तीचे शिक्षण : अंमलबजावणीचा प्रश्न

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये आरंभला, तो राजधानीत नव्हे तर काठियावाडातील अमरेली भागात. संपूर्ण संस्थानात तो लागू होण्यास १९०६ साल उजाडले. या १३ वर्षांस दिरंगाई म्हणणे अन्यायाचे ठरेल. शाळा, शिक्षक व निधी यांची जुळवाजुळव झाल्याखेरीज सक्ती कागदावरच राहते. तथापि खरी अडचण वर्गाबाहेर होती. मुलगा गुरे राखतो, मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, अशा कुटुंबास गैरहजेरीचा दंड म्हणजे एक नवा करच होता. शुल्क माफ झाले. मुलांच्या श्रमाचे मोल मात्र भरून निघाले नाही. योजनेची ही बाजू तिच्या गौरवात बहुधा झाकली जाते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ च्या आपल्या विधेयकाच्या समर्थनार्थ बडोद्याचा दाखला दिला. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. बडोद्यात तोवर पुढचा प्रश्न उभा राहिला होता : शाळा सुटल्यावर अक्षरओळख टिकावी कशी? त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करण्यात आले आणि फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या.