चांद्रवाहन आणि चार नकाशे

कोणत्याहि वस्तूचा इतिहास तिच्या मूळ आराखड्यावरून लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु आराखडा कर्त्याचा हेतु सांगतो. पुढें वस्तूवर काय प्रसंग आला हें तिच्या दुरुस्तीवरूनच कळतें. या मतास चांद्रवाहनाचा दाखला आम्हांस फार उपयुक्त वाटतो.

इ. स. १९६० नंतर अमेरिकेंत हवाबंद खोलीच्या मोठ्या चांद्रगाड्यांचे आराखडे झाले. त्या नेण्यास स्वतंत्र अग्निबाण लागला असता, म्हणून तो बेत मागें पडला. ऑक्टोबर १९६९ मध्यें बोइंग कंपनीस घडी घालतां येणाऱ्या उघड्या गाडीचें काम मिळालें व मार्च १९७१ मध्यें पहिली गाडी तयार होऊन स्वाधीन झाली. चाकांचें काम जनरल मोटर्सच्या सांता बार्बारा येथील शाखेकडे होतें. तेथें पोलंडांतून आलेले बेकर व हंगेरीहून आलेले पाव्लिक्स हे प्रमुख होते. गाडीचें पृथ्वीवरील वजन सुमारें २१० किलो, वाहण्याचा भार त्याच्या दुपटीहून अधिक. रबरी टायरऐवजीं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची जाळी होती व प्रत्येक चाकास निराळी मोटर होती.

तथापि गाडीनें किती दूर जावें हें अखेर मनुष्याच्या पायांनीं ठरविलें. ती बंद पडल्यास प्राणवायु सरण्यापूर्वीं पायीं परततां यावें, इतक्याच अंतराची मुभा होती. डिसेंबर १९७२ मध्यें अपोलो १७ चे प्रवासी एकंदर सुमारें ३५ किलोमीटर हिंडले; परंतु यानापासून आठ किलोमीटरहि दूर गेले नाहींत.

त्याच मोहिमेंत यूजीन सर्नन यांच्या हातोड्याचा धक्का लागून मागील उजव्या चाकावरील मडगार्ड तुटलें. धूळ उडून माणसांवर व यंत्रांवर बसूं लागली. तिच्या थरानें यंत्रें तापण्याचें भय होतें. नुसती चिकटपट्टी लावून पाहिली, ती टिकली नाहीं. मग ह्यूस्टन येथील मंडळींच्या सूचनेप्रमाणें चार नकाशे एकमेकांस चिकटवून, दिव्याच्या चिमट्यांनीं तेथें बसविले. आणि काम भागलें. तें ठिगळ पृथ्वीवर परत आणलें असून वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत जतन केलेलें आहे. गाडी मात्र चंद्रावरच राहिली.

त्या नकाशांवर काय छापलें होतें हें अन्य साधनांवरूनहि समजेल. त्यांनीं कोणता प्रसंग निभावला हें त्यांच्या चिकटपट्टीवरून व धुळीवरूनच समजतें. म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे कीं, ठिगळ लावलेला, मळलेला कागद हातीं आल्यास तो प्रथम स्वच्छ करूं नये, प्रथम वाचावा. डाग हाहि मजकूरच होय.