महायुद्धातला 'जीआय स्टोव्ह' हाती लागलाय? काडी ओढण्याआधी एवढं बघा

परदेशातल्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन लिलावात कधीकधी ॲल्युमिनियमचा एक उभट डबा दिसतो. उघडला की आतून पंपाचा छोटा स्टोव्ह निघतो. डब्याचे दोन्ही भाग भांडी म्हणून वापरता येतात. 'मिलिटरीचा स्टोव्ह, रॉकेलवर चालतो' असं सांगून तो कुणीतरी गळ्यात मारतो. यातला पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो, दुसरा मात्र चुकीचा असू शकतो.

हा डबा बऱ्याचदा कोलमन 520 असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला दुधाच्या बाटलीएवढा आणि उणे 51 ते 52 अंश सेल्सिअस तापमानात चालेल असा स्टोव्ह हवा होता. कॅन्ससमधल्या विचिटा शहरातल्या कोलमन कंपनीने तो बनवला. नोव्हेंबर 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेत उतरलेल्या सैन्याबरोबर तो पहिल्यांदा रणांगणावर गेला. युद्धवार्ताहर अर्नी पाइल यांना तो इतका आवडला, की लढाईबाहेरच्या सामानात त्यांनी त्याला जीपच्या पंक्तीला बसवलं.

ओळखायचा कसा?

आधी ठसे शोधा. कंपनीचं नाव, 'यू.एस.' आणि वर्ष सहसा धातूवरच ठोकलेलं असतं. नंबर 530 असेल तर ती युद्धानंतर सामान्य ग्राहकांसाठी काढलेली आवृत्ती. 'एम-1942' लिहिलं असेल तर तो सैन्याचाच पण वेगळा नमुना. तो अलॅडिनसारख्या इतर कंपन्यांनीही बनवला. 'एम-1950' त्याच्या नंतरचा. डबा एका वर्षाचा आणि स्टोव्ह दुसऱ्याच वर्षाचा असेल, तर जोडी नंतर जमवलेली असू शकते. वापरायला हरकत नाही, पण किंमत देताना लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं, म्हणजे इंधन. हे सगळे स्टोव्ह पेट्रोलचे आहेत. आपल्याकडच्या रॉकेलच्या स्टोव्हला आच कमी करायला चकती नसते, स्क्रू सैल करून हवा सोडावी लागते. 520 ला आच कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह असतो. त्यात रॉकेल घातलंत तर ते नीट वाफ होत नाही, पिवळी ज्योत आणि काजळी येते. उलटी चूक मात्र जिवावर बेतते. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही घालू नका. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, रॉकेलची साधारण 38 अंशांच्या वर.

दुरुस्ती

पहिलं काम उघड्या हवेत, हातमोजे घालून. युद्धकाळातल्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्यामुळे टाकीतला जुना साका हाताला लागू देऊ नका. जुन्या दोऱ्या, गॅस्केट घासू किंवा खरवडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो.

टॉर्च मारून टाकीत बघा. हलका गंज व्हिनेगरने सुटतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडी करा. पापुद्रे सुटत असतील किंवा टाकी फुगलेली दिसत असेल तर तिथेच थांबा. तो स्टोव्ह शोकेसमध्ये ठेवायचा. डाग मारून प्रेशरची टाकी वाचवायचा मोह नको.

पंप हलका लागतोय, हवा भरत नाहीये? बहुतेक वेळा चामडी वायसर वाळलेला असतो. बाहेर काढून मशीनच्या तेलात रात्रभर भिजवा आणि कडा बोटाने पसरवा. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. गोडंतेल काही दिवसांनी चिकट होतं. टाकीच्या झाकणाचा रबर मात्र नवाच घ्या, पेट्रोलला टिकणारा. साध्या नळाच्या वायसरवर भागवू नका.

मग इंधन न घालता, व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप मारा आणि टाकी पाण्यात बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. झाकणापाशी किंवा व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी एकही बुडबुडा आला, तर पेटवायची वेळ अजून आलेली नाही.

जेटचं भोक साफ करताना घाई होते. जाड सुई घुसवली की भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. बारीक तार हलकेच फिरवा. बाहेरचा मूळ रंग घासून चकचकीत करू नका. संग्राहकाला तोच हवा असतो.

पहिल्यांदा पेटवताना

मोकळ्या जागी, जवळ ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवून. टाकी तीन-चतुर्थांशाहून जास्त भरू नका, सांडलेलं पुसून सुकू द्या. स्टोव्हसाठीचं स्वच्छ नॅफ्था इंधन मिळत असेल तर तेच वापरा. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबरालाही त्रास देतं. सुरुवातीला ज्योत थोडी उसळते, बर्नर तापला की निळी होते. मोठं पातेलं ठेवू नका, त्याची उष्णता खाली टाकीवर परतते. अधूनमधून टाकीजवळ हात नेऊन बघा. धरवत नाही इतकी तापली तर लगेच बंद करा. झाकण मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.